नागपुरात बसून बाच्का तोपोलाच्या फुटबॉल क्लबचा इतिहास कसा लिहावा

परदेशी क्लबचा इतिहास लिहायला घेतला की बहुतेक जण निकालांपासून सुरुवात करतात. कोण कोणाशी खेळलं, किती गोल झाले, कितवा क्रमांक आला. सर्बियातल्या लहान गावच्या क्लबबाबत ही सुरुवातच चुकीची ठरते. तिथे शंभर-सव्वाशे वर्षांत देशाचं नाव बदललं, गावांची बदलली, क्लबची बदलली. एकाच गावची बातमी तीन भाषांत आणि दोन लिप्यांत छापली गेली. नावं जुळण्याआधी निकाल गोळा केले की दोन वेगळे क्लब एका तक्त्यात येतात, किंवा एकच क्लब दोनदा येतो. म्हणून आधी नावांची साखळी, मग लीगच्या पायऱ्या, त्यानंतर निकाल. गोष्ट सगळ्यात शेवटी.

सरावासाठी टीएससी हा क्लब उत्तम. उत्तर सर्बियात, वोय्वोदिना प्रांतात, बाच्का तोपोला नावाचं गाव आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेचौदा हजारांच्या आसपास होती, म्हणजे आपल्या काटोल-उमरेडपेक्षा कितीतरी कमी. या गावचा क्लब १९१३ चा. २०१९ मध्ये तो सर्बियाच्या सर्वोच्च लीगमध्ये, म्हणजे सुपरलीगात आला. २०२२-२३ मध्ये बेलग्रेडच्या बलाढ्य रेड स्टारच्या मागे दुसरा आला, बेलग्रेडचाच दुसरा मोठा क्लब पार्तिझान त्याच्या खाली राहिला. २०२३ च्या शरद ऋतूत तो युरोपा लीगच्या गटात वेस्ट हॅम, फ्रायबुर्ग आणि ऑलिंपियाकोस यांच्याशी खेळला. सहा सामन्यांत एकच गुण मिळाला, तो ऑलिंपियाकोसशी २-२ अशा बरोबरीचा. त्याच हंगामाच्या शेवटी ऑलिंपियाकोसने कॉन्फरन्स लीगचा चषक उचलला. त्या एका गुणाचं वजन यावरून कळतं, आणि इतिहासात नुसतं ‘गटात शेवटचा’ असं लिहून पुढे का जाऊ नये, तेही कळतं.

पहिलं पान: देशांची पट्टी

रजिस्टरचं पहिलं पान आडवं धरून त्यावर काळाची रेघ ओढा. बाच्का तोपोलासाठी ती अशी येते: १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरी, १९१८ ते १९२९ सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचं राज्य, १९२९ पासून युगोस्लाव्हिया, १९४१ ते १९४४ हंगेरीच्या ताब्यात, १९४५ पासून समाजवादी युगोस्लाव्हिया, १९९२ पासून सर्बिया आणि माँटेनेग्रो एवढ्याचाच युगोस्लाव्हिया, २००३ पासून त्याच दोघांचा ‘सर्बिया आणि माँटेनेग्रो’, २००६ पासून सर्बिया.

ही पट्टी शोभेची नाही. कागदपत्रं कुठे शोधायची ते तीच ठरवते. १९१८ पूर्वीची बातमी हंगेरियन वर्तमानपत्रात असणार. दोन महायुद्धांच्या मधली जवळच्या सुबोतित्सा शहरातल्या फुटबॉल उपसंघटनेच्या नोंदीत सापडेल. त्या काळी अशा उपसंघटनेला ‘लोप्ताच्की पोद्सावेझ’ म्हणत. १९४१ ते १९४४ चे निकाल युगोस्लाव्ह तक्त्यांत कितीही शोधले तरी मिळणार नाहीत, कारण बाच्का भागातले संघ तेव्हा हंगेरीच्या स्पर्धांत खेळत होते. नोवी सादचा ऊय्विदेकी ए.सी. तर हंगेरीच्या सर्वोच्च लीगमध्ये होता. या चार वर्षांसमोर ‘फुटबॉल बंद’ असं लिहिणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

नावांची साखळी

दुसऱ्या पानावर पाच रकाने आखा: पासूनचं वर्ष, पर्यंतचं वर्ष, क्लबचं नाव जसं छापलं आहे तसं, त्याचा अर्थ, आणि नाव का बदललं. पाचवा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, तो पाडायचा मात्र नाही.

टीएससी म्हणजे ‘तोपोल्याई स्पोर्ट क्लब’, हंगेरियन भाषेतलं तोपोलाचा क्रीडा क्लब. गावात हंगेरियन बोलणारे मोठ्या संख्येने आहेत, म्हणून मूळ नाव त्या भाषेतलं. समाजवादी काळात हाच क्लब एआयके या नावाने खेळला. एआयके म्हणजे शेतीमालावर प्रक्रिया करणारा कृषी-औद्योगिक कारखानासमूह, ज्याला तिकडे ‘कोंबिनात’ म्हणतात. सहकारी साखर कारखान्याने गावचा संघ पोसावा आणि संघाला कारखान्याचंच नाव लागावं, असं चित्र डोळ्यापुढे आणा. टीएससी हे जुनं नाव नंतर परत आलं.

इथे शोधताना हमखास एक घोटाळा होतो. नुसतं ‘एआयके’ टाकलं की स्टॉकहोमचा प्रसिद्ध स्वीडिश क्लब समोर येतो आणि त्याचेच निकाल पानोपान दिसत राहतात. म्हणून क्लबच्या नावाबरोबर गावाचं नाव नेहमी जोडा.

सर्बियातल्या क्लबांच्या नावांचा अर्थ कळला की काळाचा अंदाज आपोआप येतो. येदिन्स्त्वो म्हणजे एकता, स्लोबोदा म्हणजे स्वातंत्र्य, म्लादोस्त म्हणजे तारुण्य, बोराच म्हणजे लढवय्या, राद्निच्की म्हणजे कामगारांचा, नाप्रेदाक म्हणजे प्रगती, बुदुच्नोस्त म्हणजे भविष्य, झेलेझ्निचार म्हणजे रेल्वेवाला. यातली कितीतरी नावं १९४५ नंतरच्या काळात गावोगावी लागली. म्हणून नुसतं ‘राद्निच्की’ एवढंच लिहिलेलं दिसलं तर थांबा आणि कुठल्या गावचा ते आधी ठरवा. नीश, क्रागुयेवात्स, बेलग्रेड, तिन्ही ठिकाणी राद्निच्की आहेत.

गावांची नावंही अशीच सांभाळावी लागतात. उझित्से हे १९४७ ते १९९२ या काळात ‘तितोवो उझित्से’ होतं. मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार झालेला नेमान्या विदिच तिथलाच. १९८१ मध्ये जन्मलेल्या या खेळाडूच्या जन्मगावापुढे तितोवो उझित्से दिसलं तर ते वेगळं गाव समजू नका. झ्रेन्यानिन हे आधी वेलिकी बेच्केरेक, १९३५ पासून पेत्रोव्ग्राद, १९४६ पासून झ्रेन्यानिन. आणि बाच्का तोपोला हंगेरियन छापील मजकुरात ‘तोपोल्या’ म्हणून येतं. प्रत्येक गावासाठी शोधशब्दांची वेगळी चिठ्ठी करा. चार-पाच रूपं सहज निघतात.

लिपी, उच्चार आणि सामान्यरूप

सर्बियन भाषा सिरिलिक आणि रोमन या दोन्ही लिप्यांत लिहितात. पोलितिकासारखं १९०४ पासूनचं बेलग्रेडचं दैनिक सिरिलिकमध्ये. वोय्वोदिनातला पुष्कळ मजकूर रोमनमध्ये, आणि १९४४ मध्ये नोवी सादला सुरू झालेलं माज्यार सो हे दैनिक हंगेरियनमध्ये. एकाच लिपीत शोधलं की निम्मं साहित्य हातातून जातं. सर्बियन सिरिलिकमध्ये ३० अक्षरं आहेत. रोज पाच याप्रमाणे आठवड्याभरात वाचता येतात. फसवणारी अक्षरं आधी शिका. रोमन ‘बी’सारखं दिसतं ते व, ‘पी’सारखं दिसतं ते र, ‘सी’सारखं दिसतं ते स आणि ‘एच’सारखं दिसतं ते न. स्कॅन केलेल्या जुन्या अंकांत यंत्र हीच अक्षरं चुकीची ओळखतं, त्यामुळे शोधात काही सापडलं नाही तर त्या आठवड्याचा अंक उघडून डोळ्यांनी बघावाच लागतो. सोमवार-मंगळवारचे अंक आधी काढा, कारण रविवारचे सामने तिथे छापले जातात.

उच्चार देवनागरीत आणताना मराठी माणसाला एक सोय आहे, ती वाया घालवू नका. सर्बियन रोमन ‘सी’चा उच्चार ‘चमचा’तल्या चसारखा आणि त्यावर उलटी टोपी आली की ‘चहा’तल्या चसारखा. म्हणून सुबोतित्सा आणि चाचाक. ‘जे’ हे अक्षर नेहमी य: येदिन्स्त्वो, वोय्वोदिना. त आणि द दंत्य आहेत, म्हणून तोपोला लिहावं. ट ही इंग्रजीतून आलेली सवय आहे. आपलं रूप एकदा ठरवून रजिस्टरच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहा आणि शेवटपर्यंत तेच वापरा.

विभक्तीचा मुद्दा मराठी वाचकाला पटकन कळेल. नागपूर, नागपूरला, नागपुरात, तसंच तोपोला, तोपोले, तोपोली. सर्बियनमध्ये नावाचा शेवट वाक्यागणिक बदलतो, म्हणून शोधताना ‘तोपोल’ एवढाच गाभा टाका. खेळाडूंची आडनावंही अशीच बदलतात. वर सर्बियन छापखाने परदेशी नावं उच्चाराप्रमाणे लिहितात, आणि हंगेरियनमध्ये आडनाव आधी येतं. २०१९-२० च्या हंगामातले टीएससीचे प्रशिक्षक सर्बियन बातमीत झोल्तान साबो आणि हंगेरियन बातमीत साबो झोल्तान असतात, रोमन स्पेलिंगही दोन वेगळी. खेळाडूंच्या यादीत जन्मतारखेचा रकाना ठेवा. दोन नावांची जन्मतारीख एकच निघाली तर माणूस एकच असण्याची दाट शक्यता आहे. क्लब आणि हंगाम जुळवून खात्री करा.

तारखा १३ दिवसांनी का सरकतात

सर्बियाच्या राज्यात १९१९ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती; ऑस्ट्रिया-हंगेरीत नवी. त्यामुळे बाच्का तोपोलाची १९१३ ची तारीख आहे तशी घ्यायची. पण इवान्यित्साचा यावोर हा १९१२ चा क्लब सर्बियाच्या राज्यातला, त्याच्या त्या काळच्या तारखेत १३ दिवस मिळवायचे. एकोणिसाव्या शतकातली तारीख असेल तर १२. हूगो बूली यांनी बेलग्रेडला फुटबॉल आणला तो १८९६ चा काळ या १२ दिवसांच्या हिशेबात बसतो. मूळ तारीख खोडू नका. ती तशीच ठेवून तिच्याखाली बदललेली लिहा, नाहीतर पुढचा माणूस पुन्हा १३ मिळवेल.

स्थापनेच्या वर्षाबाबत आणखी एक शिस्त पाळा. क्लबच्या बोधचिन्हावरचं वर्ष, सरकारी नोंदणीचं वर्ष आणि पहिल्या छापील सामन्याचं वर्ष या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही मिळाल्या तर तिन्ही द्या. सर्बियातला सर्वांत जुना क्लब म्हणून सुबोतित्साचा बाच्का १९०१ ओळखला जातो, आणि वर्ष नावातच असल्याने तिथे वाद कमी. इतर ठिकाणी एवढं सोपं नसतं.

लीगच्या पायऱ्या आणि गुणांचे सापळे

आता हंगामांचा तक्ता. एका ओळीत एक हंगाम आणि आठ रकाने: हंगाम, त्या वेळचं क्लबचं नाव, लीगचं नाव, पायरी, सामने, गुण, क्रमांक, स्रोत. पायरी नेहमी आकड्यात लिहा, कारण लीगची नावं दिशाभूल करतात. आज सर्बियात पहिली पायरी सुपरलीगा आहे आणि ‘पर्वा लीगा’, म्हणजे शब्दशः ‘पहिली लीग’, ही दुसरी पायरी आहे. तिसऱ्या पायरीवर ‘सर्प्स्का लीगा’चे चार गट आहेत: वोय्वोदिना, बेलग्रेड, पूर्व, पश्चिम. सुपरलीगा २००५-०६ पासूनची. त्याआधी ‘पर्वा लीगा’ हेच सर्वोच्च लीगचं नाव होतं. २००५ पूर्वी ‘पर्वा’ म्हणजे १ आणि नंतर २. हे एक वाक्य भिंतीवर चिकटवलं तरी निम्म्या चुका टळतील.

गुण नुसते बेरजेने तपासू नका. युगोस्लाव्हियाच्या पहिल्या लीगमध्ये १९८८-८९ पासून काही हंगाम बरोबरीतल्या सामन्यानंतर पेनल्टी घेत. जिंकणाऱ्याला १ गुण, हरणाऱ्याला काहीच नाही. विजयाचे २ आणि बरोबरीचा १ असा हिशेब करून बसलात तर तक्ता जुळणार नाही, आणि चूक तुमची नसेल. सुपरलीगात २०१५-१६ पासून काही वर्षं ३० फेऱ्यांनंतर गुण निम्मे करून पुढच्या फेऱ्या खेळवल्या. २०१९-२० मध्ये महामारीमुळे ३० फेऱ्यांवरच हंगाम संपला आणि कोणीही खाली गेलं नाही, म्हणून २०२०-२१ मध्ये २० संघ आणि ३८ फेऱ्या. टीएससीचे सर्वोच्च लीगमधले पहिले दोन हंगाम नेमके हेच आहेत. त्यांची गुणसंख्या शेजारी ठेवून ‘प्रगती’ किंवा ‘घसरण’ असं लिहिणं चुकीचं. प्रतिसामना गुण काढा.

हंगाम संपल्यावरही तक्ता बदलू शकतो. १९८५-८६ च्या शेवटच्या फेरीवर निकाल ठरवल्याचा संशय आला, फेरी पुन्हा खेळवली, पार्तिझान खेळला नाही, आणि पुढच्या हंगामात दहा क्लबांनी उणे सहा गुणांनी सुरुवात केली. न्यायालयात प्रकरण जाऊन विजेतेपद अखेर पार्तिझानकडेच परत आलं. १९८६ च्या उन्हाळ्यात छापलेला तक्ता आणि आजचा तक्ता म्हणूनच जुळत नाहीत. अशा ठिकाणी दोन्ही द्या आणि कुठला केव्हाचा ते लिहा.

हिवाळ्याचा तक्ता ही आणखी एक फसगत. हंगामाचे दोन भाग असतात, शरद आणि वसंत. डिसेंबरच्या मध्यानंतर सुट्टी. ‘येसेन्यी पर्वाक’ म्हणजे फक्त अर्ध्या हंगामाचा अव्वल संघ, विजेता नव्हे.

बाद पद्धतीच्या सामन्यांत निकाल आणि पात्रता वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. सप्टेंबर २०२० मध्ये टीएससी आणि रुमानियाचा एफसीएसबी यांच्यातला युरोपा लीगचा पात्रता सामना ६-६ असा सुटला आणि एफसीएसबी पेनल्टीवर ५-४ ने पुढे गेला. आकडेवारीत हा सामना बरोबरीचा आहे, पराभवाचा नाही. लहान क्लबच्या इतिहासात अशा सामन्याला एक पूर्ण परिच्छेद द्यावा. बारा गोलांचा सामना म्हणून तो युरोपभर बोलला गेला, आणि गावाच्या आठवणीत तो सर्वांत वर असणार.

पैसा कुठून आला ते लिहा

लहान गावात व्यावसायिक क्लब टिकतो याला प्रत्येक ठिकाणी काहीतरी कारण असतं. ते सापडेपर्यंत इतिहास पुरा झाला असं समजू नये. लुचानी हे काही हजार वस्तीचं गाव. तिथे दारूगोळ्यासाठी स्फोटकं बनवणारा कारखाना आहे आणि म्लादोस्त हा १९५२ चा क्लब त्या कारखान्याच्या आधाराने उभा आहे. अंबाझरीच्या आयुध निर्माणीची वसाहत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नातं समजावून सांगावं लागणार नाही. हा क्लब २०१८ मध्ये सर्बियाच्या चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. टीएससीच्या बाबतीत २०२१ मध्ये सुरू झालेलं, सुमारे साडेचार हजार आसनांचं नवं मैदान आणि हंगेरी सरकारकडून आलेली मदत यांचा उल्लेख टाळता येत नाही. आधीचा कारखानासमूह, नंतरचा सीमेपलीकडचा पैसा, हा प्रवास नावांच्या साखळीशेजारी ठेवला की क्लबचं वर-खाली होणं उलगडतं.

पैसा संपला की विलीनीकरण होतं, आणि इतिहास लिहिणाऱ्यांची सर्वाधिक गोची तिथेच होते. बानात्स्की द्वोर हे बाराशे-तेराशे वस्तीचं खेडं. तिथला बुदुच्नोस्त २००४ मध्ये चषकाच्या अंतिम सामन्यात रेड स्टारकडून १-० असा हरला आणि त्याच वर्षी युएफा कपमध्ये खेळला. २००६ मध्ये तो झ्रेन्यानिनच्या प्रोलेतेरबरोबर एकत्र होऊन बानात झ्रेन्यानिन झाला. मग २००४ चा अंतिम सामना कोणाच्या खात्यात? आमचं उत्तर सरळ आहे: ज्या नावाने खेळला त्याच्या. नव्या क्लबच्या पानावर ‘पूर्वसूरी’ म्हणून दुवा द्या, पण बेरीज एकत्र करू नका. कायद्याने कोण कोणाचा वारस हे तपासायला सर्बियाच्या व्यवसाय नोंदणी एजन्सीत क्रीडा संघटनांचं वेगळं रजिस्टर आहे, त्यात फुकट शोधता येतं. नोंदणी क्रमांक बदलला असेल तर संस्था नवी.

पत्र, फोन आणि वेळ

बाच्का तोपोलाचे जुने सरकारी कागद सुबोतित्साच्या ऐतिहासिक अभिलेखागाराकडे येतात. पत्र सर्बियनमध्ये लिहा, शक्य असेल तर खाली तेच हंगेरियनमध्ये. प्रश्न चारपेक्षा जास्त नकोत आणि प्रत्येकात वर्ष हवं. ‘क्लबचा इतिहास पाठवा’ अशा पत्राला उत्तर येत नाही. ‘१९४५ ते १९५० या काळात क्लबची नोंदणी कुठल्या नावाने होती?’ याला येतं, कारण कर्मचाऱ्याला नेमकी फाईल काढता येते. हिवाळ्यात नागपूर त्यांच्या साडेचार तास पुढे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. तिथले सकाळचे ८ म्हणजे इथले साडेबारा किंवा साडेअकरा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात. नवीन वर्षापासून ऑर्थोडॉक्स नाताळ ७ जानेवारीला होईपर्यंत फोन करू नका. क्लबच्या सचिवाला जून-जुलैत खेळाडूंच्या नोंदणीची घाई असते. फेब्रुवारीचा पहिला आठवडा बरा.

फोटो मागताना तीन गोष्टी विचारा: कुणी काढला, कुठल्या वर्षी, आणि मागच्या बाजूला काय लिहिलं आहे. मागच्या बाजूचाही फोटो मागवा. संघाच्या फोटोत नावं डावीकडून की उजवीकडून लिहिली आहेत ते ठरवायला गोलरक्षक शोधा. त्याचा पोशाख वेगळा असतो, त्यावरून क्रम लागतो.

हा तक्ता घेऊन परदेशाकडे वळण्याआधी कामठी किंवा मोमिनपुऱ्यातल्या एखाद्या जुन्या क्लबचे दहा हंगाम भरून पाहा. रब्बानीसारख्या क्लबच्या मैदानावर संध्याकाळी भेटणारी वयस्क मंडळी वर्ष सांगत नाहीत, ‘त्या पुराच्या साली’ किंवा ‘अमुक गोलकीपर होता तेव्हा’ असं सांगतात. अशी खूण छापील बातमीशी जुळवून वर्ष काढायची सवय इथे लागली की बाच्का तोपोलाच्या कागदांतही ती उपयोगी पडते. दोन दिवसांत दहा हंगाम भरत नसतील तर आठ रकान्यांपैकी सामने आणि गुण हे दोन तूर्त सोडा. नाव, पायरी, क्रमांक आणि स्रोत हे चार मात्र पहिल्या दिवसापासून भरा. स्रोत नंतर लिहू म्हणून सोडला तर चाळीस हंगामांनंतर तो परत सापडत नाही, आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागते.